सुभेदार सरांचे एकेचाळीस ‘हाव’

सुभेदार सरांचं अक्षर फार सुंदर होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं त्यांच्याबद्दल चांगलं म्हणण्यासारखं फारसं हाती लागणार नाही. हिरव्या शाईचं पेन, एका मापाच्या वेलांट्या, फूटपट्टी लावून ओढल्यासारखी शिरोरेघ. त्या अक्षरात उतरलेली कुठलीही गोष्ट खरी वाटायची. सरांना हे चांगलं ठाऊक होतं.

खाण, धरण किंवा कारखाना सुरू होण्याआधी आसपासच्या पाण्यावर, जंगलावर, माणसांवर त्याचा काय परिणाम होईल हे तपासायचं आणि लोकांना विचारायचं, असा कायदा आहे. त्या कायद्याचा फेरआढावा घ्यायला एक समिती बसली होती. नव्या नियमांचा मसुदा तयार होता. आदिवासींशी सल्लामसलत करून त्यांचं म्हणणं अहवालात आणायचं काम सुभेदार सरांकडे आलं होतं. ते पुण्याहून आले आणि यवतमाळ जिल्ह्यात तीन आठवडे फिरले. मी त्यांचा मदतनीस होतो.

मी दारव्ह्याचा. बाबा जिनिंगमध्ये हमाल, आई शेतात रोजाला जायची. आमच्या खानदानात बी.ए.च्या पुढं सोडा, बी.ए.पर्यंतही माझ्याआधी कोणी गेलं नव्हतं. मी यवतमाळला समाजकार्याची पदवी घेतली. आमच्या घरात भिंतीवर ज्यांचा फोटो आहे, त्यांच्यामुळे कायदा हा शब्द आमच्याकडे हात जोडूनच घेतला जातो. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा बाबांनी ते त्या फोटोखाली तीन दिवस ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की पोरगा कायद्याच्या कामाले लागला. म्हणून सर पहिल्यांदा गाडीतून उतरले तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो होतो. ती गोष्ट मला आजही खटकते, पण ती घडली आहे.

सरांनी माझं नाव विचारलं आणि लगेच विसरून गेले. तीन आठवडे मी ‘दारव्हेकर’ होतो. आमच्या गाडीचे चालक रफिकभाई नेरचे. त्यांना ते ‘नेरकर’ म्हणायचे. रफिकभाई मागे वळून मला विचारायचे, “काहून हो दारव्हेकर, आपुन दोघं जिल्ह्याच्या नकाशात राह्यतो का?”

एक गोष्ट मात्र सरांनी मला खरोखर शिकवली आणि तिच्यासाठी मी आजही त्यांचा ऋणी आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी मसुदा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “दारव्हेकर, कायदा वरून खाली वाचायचा नसतो. प्रत्येक कलमात आधी ‘परंतु’ शोधायचा. सरकार जे देतं ते ‘परंतु’च्या आधी असतं, आणि जे परत घेतं ते नंतर.” मी ते वहीत लिहून ठेवलं. कॉलेजच्या तीन वर्षांत इतकं उपयोगी वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढं कळलं की सर स्वतः ‘परंतु’ शोधायचे ते आपल्याला नेमकं कुठं थांबायचं हे ठरवण्यासाठी.

त्यांची काम करण्याची पद्धत सांगतो. प्रत्येक बैठकीसाठी एक तक्ता असायचा. त्यात तीन रकाने: मुद्दा, प्रतिसाद, नोंद. बैठकीला जाताना अर्ध्या वाटेवर ते रफिकभाईंना गाडी बाजूला घ्यायला लावायचे. मला पहिल्यांदा वाटलं, त्यांना मळमळत असेल. पण सर पेन काढायचे आणि प्रतिसादाचा रकाना भरायला लागायचे. खड्ड्यांमुळे अक्षर बिघडू नये म्हणून गाडी थांबवायची. आपण अजून ज्या माणसांना भेटलो नाही, त्यांचं म्हणणं सागाच्या सावलीत हिरव्या शाईत लिहून व्हायचं. ‘स्वागत केले.’ ‘समाधान व्यक्त केले.’ ‘किरकोळ शंका, निरसन झाले.’ मी एकदा धीर करून विचारलं की सर, हे आत्ताच कसं? ते माझ्याकडं दयेनं बघत म्हणाले, “अनुभव.”

रफिकभाई बोनेटला टेकून तंबाखू मळत उभे होते. गाडी सुरू करताना ते फक्त एवढंच म्हणाले की असा अनुभव परीक्षेच्या टायमाले आमाले मिळाला असता तं आमी बी डाक्टर झालो असतो.

सरांना शुद्ध भाषेचं वेड होतं. एका गावात समाजमंदिरात बैठक होती. तिथं एक बाई उठून म्हणाल्या, “आमच्या हातपंपाले पानी ताकासारखं पांढरं येते साहेब. सुरुंग फुटला का दोन दिवस पिताच येत नाई.” सरांनी त्यांना तिथंच थांबवलं. “बाई, पानी नाही. पाणी. ण. जीभ वर लावा.” बाईंनी बिचारीनं दोनदा जीभ वर लावली. लोक हसले, बाई खाली बसल्या. संध्याकाळी मी तक्त्याची पक्की प्रत करायला घेतली तर तिथं लिहिलं होतं: ‘पाण्याविषयी खेळीमेळीत चर्चा.’ ण अगदी निर्दोष होता. ताक कुठंच नव्हतं.

आदिवासींशी बोलायचा त्यांचा एक वेगळा आवाज होता. शब्दाशब्दाला थांबून, हात पसरून, लहान मुलाला औषध पाजावं तसे ते बोलायचे. आपण... सगळे... निसर्गाची... लेकरं. आधी समोरचे लोक जरा घाबरायचे, मग त्यांना काळजी वाटायला लागायची. झरी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर तर तिथल्या नाईकांनी, म्हणजे वस्तीच्या प्रमुखांनी, मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, “भाऊ, साहेबाले लकवा मारला होता का कधी?”

त्या पोडाचीच गोष्ट मला सांगायची आहे. बाकी सगळं मी कदाचित विसरलो असतो.

कोलामांच्या वस्तीला आमच्याकडं पोड म्हणतात. टेकडीच्या पोटाशी तीसेक घरं, मधोमध चावडी, घरोघरी बांबूचं काम. टेकडीच्या पलीकडं चुन्याच्या दगडाची खाण आहे. पोडाचं पिण्याचं पाणी टेकडीच्या अलीकडच्या अंगाला, एका झऱ्यावर. खाण अजून झऱ्यापर्यंत आलेली नाही, पण झरा खाणीला मंजूर झालेल्या पट्ट्याच्या आत आहे, हे पोडावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारण पट्ट्याच्या हद्दीचा सिमेंटचा खांब झऱ्याच्याही अलीकडं, त्यांच्या गोठ्यांमागं रोवलेला आहे. खांबावर बाया कपडे वाळत घालतात.

नव्या मसुद्यातलं सातवं कलम असं होतं: चालू खाणीचा विस्तार करायचा असेल तर लगतच्या वस्तीत जनसुनावणी घेणे बंधनकारक राहील. ‘परंतु’ विस्तार मंजूर पट्ट्याच्या हद्दीतच होत असेल, तर जनसुनावणीची आवश्यकता राहणार नाही.

पहिलं वाक्य पोडाला विचारणार होतं. दुसरं वाक्य झरा घेऊन जाणार होतं, कोणालाही न विचारता.

चावडीत सर खुर्चीवर बसले. सगळा पोड खाली बसला. सरांच्या अगदी पायाशी लेतुबाबा नावाचे एक म्हातारे येऊन टेकले. सरांनी रेकॉर्डर सुरू करून त्यांच्या शेजारी ठेवला आणि मसुदा वाचायला घेतला. त्यांचं एक वाक्य संपलं की लेतुबाबा मान हलवून म्हणायचे, “हाव.” पुढचं वाक्य. “हाव.” सरांचा चेहरा खुलत गेला. इतका चांगला प्रतिसाद त्यांना कुठंच मिळाला नव्हता. इतर गावांत लोक मधेच प्रश्न विचारायचे, भांडायचे, उठून जायचे. इथं कोणी चकार शब्द काढत नव्हतं, फक्त तो संथ, खर्जातला ‘हाव’.

सातवं कलम आलं. सरांनी पहिलं वाक्य वाचलं. “हाव.” सरांनी पान उलटलं.

मी त्यांच्या खुर्चीमागं उभा होतो. ‘परंतु’ त्याच पानावर खाली होता. त्यांनीच मला तो शोधायला शिकवलं होतं. मला वाटलं, अनवधानानं राहिलं. मी वाकून म्हणालो की सर, खालचं राहिलं. सर मान न वळवता म्हणाले, “लोकांना गोंधळात टाकू नये, दारव्हेकर.” आणि मी सरळ उभा राहिलो.

बैठक संपली तेव्हा पोडातल्या भीमाबाई पुढं आल्या. अंगणवाडीत मदतनीस, सातवीपर्यंत शिकलेल्या, पोडातलं सरकारी कागद वाचायचं काम त्यांच्याकडंच. त्यांनी विचारलं की हा कागद आमाले भेटंन का. सरांना गहिवरून आलं. त्यांनी मराठी प्रत दोन्ही हातांनी त्यांना दिली आणि मला फोटो काढायला सांगितला. “ठेवा बाई, तुमचाच कायदा आहे.” गाडीत बसल्यावर हसत म्हणाले की चूल पेटवायला होईल.

रफिकभाईंनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तालुक्याच्या विश्रामगृहात होतो. सर नाश्त्याला बसले होते, सामान बांधून झालं होतं, दुपारी पुण्याला निघायचं होतं. व्हरांड्यात माणसं येऊन बसल्याचं खानसाम्यानं सांगितलं. नाईक, भीमाबाई, लेतुबाबा आणि आणखी सात-आठ जण. जीपनं आले होते. भीमाबाईंच्या हातात मसुद्याची प्रत होती, सातव्या कलमाच्या पानाचा कोपरा दुमडलेला.

नाईक उभे राहिले. पोडाचं उत्तर द्यायला आलो, म्हणाले. सर हसले आणि उत्तर तर कालच मिळालं, असं म्हणाले. नाईकांना ते समजेना. काल उत्तर कुठं दिलं? काल तर साहेब बोलत होते. पाहुणा बोलून गेला, मग चावडीत भीमाबाईंनी कागद सगळ्यांना वाचून दाखवला, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग सगळे बोलले. मग ठरलं. पाहुण्यासमोर बसून त्याच्याच तोंडावर त्याच्या गोष्टीचा निकाल लावायचा, हे त्यांच्यात बसत नव्हतं. ठरलं ते असं: सातव्या कलमातला ‘परंतु’ पोडाला मंजूर नाही. झऱ्याकडं खाण आणायची असेल तर चावडीत येऊन विचारावं लागेल. हे साहेबांनी कालच्याच कागदावर लिहावं, खाली सही करावी. एवढंच काम होतं.

सरांनी रेकॉर्डर काढला. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यात असा हमखास जिंकण्याचा क्षण पुन्हा आला नसेल. त्यांनी बटण दाबलं. व्हरांड्यात त्यांचाच आवाज घुमायला लागला आणि प्रत्येक वाक्यामागं तो ‘हाव’. सरांनी बोटांवर मोजून आकडा सांगितला. एकेचाळीस. एकेचाळीस वेळा होकार देऊन तुम्ही आज नकार कसा देता, असं त्यांनी त्या औषध पाजायच्या आवाजात विचारलं.

लेतुबाबा कान देऊन ऐकत होते. त्यांचा चेहरा उजळला. शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाले, “माहाच आवाज व्हय तो. सगळा माहाच.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एकेचाळीसही ‘हाव’ एकाच माणसाचे होते. बाकी पोड गप्प होता.

भीमाबाई पुढं झाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाल्या, “साहेब, मानूस बोलून राह्यला का कोनीतरी हाव म्हनाव लागते. नाई तं त्याले वाटंन आपुन झाडापाशी बोलून राह्यलो. लेतुबाबाचा मान हाय तो. ते हाव तुमच्या बोलन्याले होतं. तुमच्या कायद्याले नोयतं.”

सर म्हणाले, हाव म्हणजे हो. कुठल्याही वऱ्हाड्याला विचारा. आणि गाडी पुसत असलेल्या रफिकभाईंना त्यांनी हाक मारली. नेरकर, हाव म्हणजे काय?

रफिकभाईंनी फडकं खांद्यावर टाकलं. “मले नोका इचारू साहेब. मी तं तीन हप्त्यांपासून तुमच्या हरेक गोष्टीले हाव म्हनून राह्यलो.”

व्हरांडा हसला. नाईकसुद्धा हसले, तोंडावर उपरणं धरून. सर हसले नाहीत. पद्धतीचा प्रश्न आहे, ते म्हणाले. सल्लामसलतीची तारीख काल होती. काल जे मिळालं तेच अहवालात जाईल. दुसऱ्या दिवशी बदललेलं मत घ्यायचं ठरवलं तर कुठलाच अहवाल पुरा होणार नाही. भीमाबाईंनी विचारलं की मत बदललं कोनं? तुमी कलम अर्धं वाचलं, आमी पुरं वाचलं.

सरांनी घड्याळ पाहिलं. मग एकदम मऊ झाले. बसा, म्हणाले, कोरा कागद घेऊन येतो, तुमच्यासमोर लिहू. ते आत गेले. लोक पुन्हा खाली बसले.

अहवाल चार महिन्यांनी आला. पोडाच्या नावासमोर लिहिलं आहे की सर्व बांधवांनी सातव्या कलमास सर्वानुमते सहमती दर्शवली. पुरावा म्हणून सरांच्या टिपणाचं छायाचित्र जोडलं आहे. अक्षर देखणं आहे. बाबांनी तो अहवाल हातात घेऊन पहिलं पान उलटलं, आत मदतनीस म्हणून छापलेलं माझं नाव बोटानं शोधलं आणि विचारलं की याले वरती ठेवू का, फोटोखाली? मी नको म्हणालो. का, ते त्यांनी विचारलं नाही. पुस्तक त्यांनी तांदळाच्या कोठीवर ठेवलं, ते अजून तिथंच आहे.

पोडाचं उत्तर वेगळ्या कागदावर गेलं. भीमाबाई सांगत गेल्या, मी त्यांच्याच शब्दांत लिहीत गेलो, पानीला पानीच ठेवलं. सगळ्या पोडाच्या सह्या आणि अंगठे घेऊन तो यवतमाळला कलेक्टर कचेरीत दिला, पोच घेतली, एक प्रत समितीला रजिस्टरनं पाठवली. समितीकडून दोन ओळींचं पत्र आलं की हरकत विचाराधीन आहे. सातवं कलम अजून मसुद्यातच आहे, ‘परंतु’सकट. खाण अजून टेकडीपलीकडं आहे. भीमाबाई दर महिन्याला फोन करून विचारतात की भाऊ, त्याहीचा विचार झाला का? मी सांगतो, नाही झाला. मग त्या म्हणतात, “बरं, आमी हाओत.”

सरांना मात्र मी त्या दिवसानंतर पाहिलं नाही.

आत गेल्यावर पाच मिनिटांनी त्यांनी मला फोन केला होता. दारव्हेकर, फाइल घेऊन मागच्या बाजूला या, नेरकरला गाडी मागच्या फाटकाशी आणायला सांगितली आहे. मी फाइल नेली. हे मी लपवणार नाही. व्हरांड्यातल्या माणसांसमोरून ती काखेत धरून मी आत गेलो आणि स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी पोचलो. तिथं खानसाम्याच्या कोंबड्या फिरत होत्या आणि भांडी घासायच्या जागेतलं पाणी अंगणभर पसरलं होतं. सर एका विटेवर उभे होते. पँट दोन्ही हातांनी वर धरलेली, रेकॉर्डरची पेटी गळ्यात, आणि पुढची वीट जरा लांब होती. पुण्याच्या मोठमोठ्या सभागृहांत लोकसहभागावर बोलणारा तो माणूस पुढं पाय टाकावा की न टाकावा हे ठरवत होता. खानसाम्याच्या बायकोनं विचारलं की साहेब, समोरून रस्ता हाय ना? सर म्हणाले, जरा मोकळी हवा.

शेवटी त्यांनी उडी मारली. एक बूट चिखलात गेला. मी फाइल गाडीत ठेवली. सरांनी दार उघडून धरलं, बसा म्हणाले. मी बसलो नाही. दार लागलं.

मी वळलो तर नळापाशी नाईक उभे होते. ते पाणी प्यायला मागं आले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. गाडी हलली तेव्हा त्यांनी ओल्या हातांनीच रामराम घातला, काचेआडून सरांनीही हात जोडले. रफिकभाईंनी हॉर्न वाजवायची गरज नसताना एकदा लांब हॉर्न वाजवला.

आम्ही दोघं व्हरांड्यात परत आलो. सगळे आमच्याकडं बघायला लागले. भीमाबाईंनी विचारलं, साहेब कागद आनते म्हने, कोठी गेले?

नाईक पायरीवर टेकले. उपरण्यानं तोंड पुसलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, जरा कीवच होती.

“भेले वाटते बिचारे,” ते म्हणाले. “निघून गेले.”